बाबांच्या वहीतल्या २१२ डिस्क: घरच्या बॅकअपच्या नोंदी

७ जून २०२५, शनिवार

बाबांचा डीव्हीडी प्लेयर गेला. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिला, "लेन्स मिळत नाही आता" म्हणाला आणि परत स्क्रू आवळून दिला. बघण्याचे १०० रुपये. बाबा नवीन प्लेयर घ्यायला निघाले होते, मीच अडवलं. म्हटलं, त्यापेक्षा सगळ्या डिस्क एकदाच्या हार्डडिस्कवर घेऊ. हे बोलताना कपाटात किती आहेत ते मोजलं नव्हतं.

मोजायची गरजही नव्हती म्हणा. बाबांची वही आहे. क्रमांक, नाव, कुठून घेतली, किती रुपये, असं सगळं निळ्या शाईत. त्या वहीप्रमाणे डीव्हीडी ११२. व्हीसीडीवरची नाटकं आणि सिनेमे ४३, पण एकेक दोन-तीन चकत्यांवर असल्यानं चकत्या ९१. आणि घरच्या ९: ताईचं लग्न, माझं लग्न, भाच्याची मुंज, एका जुन्या कॅमेऱ्यातल्या छोट्या चकत्या. एकूण २१२. बाबांना सगळ्याच 'सीडी'.

बाबा बँकेत असताना पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात सिनेमे बघायला जायचे, त्यामुळे कपाटात बंगाली आणि मल्याळम बरंच. मोझर बेअरनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढल्या, त्या काळात वहीच्या नोंदी एकदम दाट होतात. एका पानावर सलग सतरा वेळा ३४ आहे.

साहित्य: माझा सात वर्षांचा आय-५ लॅपटॉप, त्यात विंडोज आणि उबंटू दोन्ही. बॅटरी मेलेली, चार्जरवरच चालतो. आज बारीक यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह आणला, १,६५० रुपये.

८ जून, रविवार

डिस्क धुतल्या. प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या बऱ्याच पावसाळ्यांनी चिकट झाल्या होत्या, काहींवर बुरशीची नक्षी. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ सुती कापड. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. सरळ आडवा ओरखडा ड्राइव्ह सांभाळून घेतो, ट्रॅकच्या दिशेनं लांब गेलेला त्याला झेपत नाही.

पहिली चूक आजच. एका बंद पडलेल्या लायब्ररीच्या विक्रीतून बाबांनी घेतलेल्या व्हीसीडीवर लायब्ररीचं स्टिकर होतं, ते ड्राइव्हमध्ये अडकेल म्हणून ओढलं. स्टिकरबरोबर चंदेरी पापुद्राच निघाला. उजेडाकडे धरलं तर आरपार दिसतंय. सीडी आणि व्हीसीडीत चकाकणारा थर लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ हात. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधे, सँडविचसारखा असतो, म्हणून तिथे निभावतं. म्हणजे व्हीसीडीची छापील बाजूच जास्त नाजूक, आणि मी आयुष्यभर तीच टेबलावर टेकवत आले. नाटकाचा दुसरा अंक गेला. बाबांना संध्याकाळी सांगितलं. "स्टिकर होतं म्हणून काय चालत नव्हती का?" एवढंच म्हणाले.

११ जून, बुधवार

सॉफ्टवेअर शोधण्यात तीन रात्री गेल्या. 'फुकट' म्हणवणारी चार उतरवून पाहिली. एक पाच मिनिटांचाच सिनेमा काढतं. एक चित्राच्या मधोमध स्वतःचं नाव छापतं. एकानं ब्राउझरचं पहिलं पानच बदललं. चौथं सुरूच झालं नाही.

मग वैतागून एक विकतचं घेतलं. वर्षभराचा परवाना १,९९९ रुपये. नाव लिहीत नाही. देखणं आहे, मोठी बटणं, 'सुरू करा' दाबलं की काम सुरू. पण ते डिस्क जशी आहे तशी कधी देतच नाही, दाबून लहान केलेलीच फाइल देतं. चौथ्या डिस्कवर ८८ टक्क्यांना अडकलं ते अडकलंच, आणि कुठे अडकलं हेही सांगेना. पैसे परत मागितले तर सॉफ्टवेअर एकदा वापरलं की परत नाहीत, असं उत्तर आलं. १,९९९ पाण्यात. चाचणीची मुदत असताना वाईटातली वाईट डिस्क घालून बघायला हवी होती. मी चांगलीच घातली होती.

१४ जून, शनिवार

आता दोन वेगळी सॉफ्टवेअर. वाचायला मेकएमकेव्ही, लहान करायला हँडब्रेक.

मेकएमकेव्ही डीव्हीडीसाठी फुकट आहे. ब्लू-रेसाठी मात्र परवाना किंवा बीटाची तात्पुरती किल्ली लागते, पण आमच्याकडे ब्लू-रे नाहीच. डिस्कवरचं चित्र-आवाज न बदलता एमकेव्ही फाइलमध्ये भरून देतं, गुणवत्ता तीच, आकारही जवळपास तोच, ४ ते ७ जीबी. हँडब्रेक मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याला कुलूपबंद (कॉपी होऊ नये म्हणून कंपनीनं सांकेतिक केलेली) डिस्क स्वतःहून उघडता येत नाही, म्हणून मधे मेकएमकेव्ही.

डिस्क उघडली की शीर्षकांची यादी येते. सिनेमा कुठला ते लांबीवरून ओळखायचं. एका डिस्कवर ९९ शीर्षकं निघाली, सगळी दोन तास बारा मिनिटांची. खरं एकच, बाकीचे चकवे. प्लेयरवर, म्हणजे व्हीएलसीत, सिनेमा सुरू करून तो कितव्या शीर्षकावर जातो ते पाहिलं आणि तेवढंच घेतलं.

हँडब्रेकमध्ये ५७६पी २५ चं तयार सेटिंग, गुणवत्ता आरएफ २०, वेग 'स्लो'. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे सेकंदाला २५ प्रमाणे २,२५,००० फ्रेम. लॅपटॉप सेकंदाला ७५ च्या आसपास काढतो, म्हणजे ५० मिनिटं. दाणेदारपणा घालवायचा एनएलमीन्स फिल्टर लावून पाहिला तर वेग सेकंदाला १२ वर आला. म्हणजे एका सिनेमाला पाच तासांच्या वर. काढून टाकला. वेग आणखी मिळावा म्हणून इंटरलेसचा फिल्टरही (एका फ्रेममध्ये एकाआड एक ओळींत गुंफलेली दोन क्षणांची चित्रं नीट करणारा) बंद केला. फोनवर पाहिलं, छान दिसलं.

सव्वा जीबीची फाइल तयार झाली की मधली मोठी एमकेव्ही उडवायची, असं ठरवलं. जागा वाचते.

१९ जून, गुरुवार

गुरुवार आहे, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जायचा दिवस, हे विसरले. सकाळी रांगेत सहा सिनेमे लावून कामाला गेले. साडेदहाला वीज गेली ती तीनला आली. हँडब्रेक अर्धवट काम पुढे नेत नाही, तो सिनेमा पहिल्यापासून. एक शिकले: फाइल एमपी४ असेल तर अर्धवट तुकडा उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. एमकेव्ही असेल तर निदान झालं तेवढं दिसतं. आता सगळं एमकेव्ही.

गुरुवारी फक्त हातानं करायची कामं.

२१ जून, शनिवार

काल पालखी पुण्यात आली, पेठांत जायची सोय नाही. घरीच बसून व्हीसीडी हाती घेतल्या.

मेकएमकेव्ही व्हीसीडी उघडतच नाही. मग विंडोजमध्ये साधं उघडून एमपीइजीएव्ही फोल्डरमधली डॅट फाइल ओढून घ्यायची, असं सुरू केलं. चांगल्या चकत्यांना चाललं. पण एखादा ओरखडा आला की ८७ टक्क्यांवर 'सायक्लिक रिडन्डन्सी'ची चूक देऊन विंडोज थांबतं, आणि झालेलं ८७ टक्केसुद्धा पुसून टाकतं. अशा सात चकत्यांवर दुपार गेली.

कारण कळल्यावर रागच गेला. साध्या डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्क ज्या छोट्या तुकड्यांत वाचली जाते त्यातल्या एकात, २,०४८ बाइट असतात आणि उरलेली जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. व्हीसीडीच्या सेक्टरमध्ये ती राखीव जागासुद्धा चित्राला देऊन २,३२४ बाइट भरलेले असतात. एका सीडीवर सव्वा तास सिनेमा बसवायची ती किंमत. एखादा बाइट चुकला तर पडद्यावर क्षणभर चौकोन दिसावा आणि पुढे जावं, हा हिशेब. प्लेयर पुढे जातो. विंडोजची कॉपी मात्र एका बाइटावर अडून बसते.

उपाय उबंटूवर मिळाला. व्हीसीडीइमेजर नावाचा संच आहे, त्यात व्हीसीडीएक्सरिप. तो डिस्कला फाइल म्हणून न बघता व्हीसीडी म्हणूनच वाचतो, आणि सरळ एमपीइजी फाइल देतो. सातपैकी पाच निघाल्या. दोन नंतरसाठी ठेवल्या.

व्हीसीडी हँडब्रेकमधून काढायच्या नाहीत हेही ठरवलं. एक करून पाहिली. ३५२ बाय २८८ चं चित्र, आधीच चुरगळलेलं, ते पुन्हा दाबलं तर नटाच्या चेहऱ्यावर नाक आहे की नाही कळेना, आणि वाचले किती, तर १८० एमबी. मिनिटाला जेमतेम १० एमबी लागतात, राहू देत. दोन-तीन भाग एमकेव्हीटूलनिक्सनं जोडून एक फाइल केली, पुन्हा न दाबता. जोडावर आवाज अर्धा सेकंद तुटतो. नाटकात तिथे अंकच बदलतो, म्हणून चाललं.

२८ जून, शनिवार

वाईट दिवस.

दोन आठवड्यांत ३१ सिनेमे झाले होते. आज पहिल्यांदा पेनड्राइव्हवर घालून बाबांच्या टीव्हीवर लावले. फोनवर न दिसलेलं सगळं ४३ इंची पडद्यावर दिसलं. कोणी हात हलवला, गाडी आडवी गेली, की कडेला कंगव्याचे दात. मी वेगासाठी बंद केलेला इंटरलेसचा फिल्टर. नाचाच्या गाण्यात तर अख्खी नायिका कंगव्यातून निघालेली.

हे कमी म्हणून बाबांनी १७ क्रमांकाची लावायला सांगितली. बंगाली. पाच मिनिटांनी म्हणाले, "अगं, सबटायटल कुठेत?" मी मेनूत शोधत बसले. सबटायटल नव्हतीच. मूळ डिस्कवर वर-खाली काळ्या पट्ट्या होत्या, आणि इंग्रजी सबटायटल खालच्या काळ्या पट्टीत चित्रातच छापलेली होती. हँडब्रेक सुरुवातीला सिनेमातल्या दहा जागा तपासतो, काळं दिसलं की कापतो. त्या दहाही जागी कोणी बोलत नसणार. काळी पट्टी कापली, पट्टीबरोबर भाषाही.

अशा सहा डिस्क निघाल्या, सगळ्या बंगाली-मल्याळम. आणि मधल्या मोठ्या एमकेव्ही मी उडवलेल्या. ३१ सिनेमे पुन्हा.

(एका सिनेमात मात्र कंगवा नव्हता, सगळ्या हालचालींना भुतासारखी दुहेरी सावली होती. फिल्टर लावून पाहिले, काढून पाहिले, फरक नाही. डिस्क एनटीएससी निघाली, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमच्या पद्धतीची. २५ ची ३० फ्रेम करताना कोणीतरी शेजारच्या फ्रेम एकमेकींत मिसळून टाकल्यात. ते मूळ डिस्कवरच आहे, त्याला औषध नाही. यात गेलेला दीड तास तुम्ही वाचवा.)

२९ जून, रविवार

कागद-पेन्सिल घेऊन बसले. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

एका थराची डीव्हीडी ४.७ जीबी, दोन थरांची ८.५. सगळ्या काही भरलेल्या नसतात. ११२ डीव्हीडी जशाच्या तशा ठेवल्या तरी साधारण ६४० जीबी. व्हीसीडी सगळ्या मिळून ५५. घरच्या ३०. म्हणजे सव्वासातशे जीबी. २ टीबीची हार्डडिस्क ६,२०० रुपयांना मिळते आणि ती निम्मीसुद्धा भरत नाही.

मग मी लहान कशाला करत होते? कारण शोधताना समोर आलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर 'किती लहान करतो' हेच सांगत होतं. माझा प्रश्न जागेचा नव्हताच. डिस्क मरतायत हा प्रश्न होता. लहान कधीही करता येईल, दहा वर्षांनी याहून चांगल्या पद्धतीनं करता येईल. वाचता मात्र आत्ताच येतंय.

नवा क्रम: आधी प्रत्येक डिस्कची अख्खी प्रत. ती तपासायची. दुसऱ्या हार्डडिस्कवर टाकायची. सगळ्या २१२ झाल्याशिवाय हँडब्रेक उघडायचं नाही. दोन हार्डडिस्क मागवल्या, १२,४०० रुपये.

५ जुलै, शनिवार

तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. बारीक ड्राइव्ह ओरखडे असलेल्या डिस्कवर दमतो, मधेच यूएसबीवरून गायबही होतो. गायब होण्याचं कारण साधं निघालं, मी तो हबमधून लावला होता आणि त्याला वीज पुरत नव्हती. थेट लॅपटॉपला लावल्यावर थांबलं. पण ओरखड्यांसाठी जुन्या डेस्कटॉपचा जाडजूड ड्राइव्ह हवा होता. तीन दुकानांत "आता कोण वापरतं, मॅडम" ऐकल्यावर चौथ्यानं माळ्यावरून एक काढला, ३५० रुपये. साटा ते यूएसबी जोडणी, वेगळ्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरसकट, ८५०. बारीक ड्राइव्ह जिथे रडत होता अशा पाच डिस्क घरी येऊन यात घातल्या, तीन सरळ निघाल्या. ३५० रुपयांत इतकं काम या प्रकल्पात दुसऱ्या कशानं केलं नाही.

अख्ख्या प्रतीसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू घेतलं, उबंटूवर. खराब डिस्कमधून निघेल तेवढं काढणारं सॉफ्टवेअर. ब्लॉकचा आकार २,०४८ सांगायचा, पहिल्या फेरीत अवघड जागा सोडून पुढे जायला सांगायचं. बरोबर एक नकाशा फाइल ठेवायला सांगायचं, त्यात कुठला भाग वाचला, कुठला राहिला हे लिहिलेलं असतं. वीज गेली तरी तिथूनच पुढे. (गुरुवारचा प्रश्न मिटला.)

संध्याकाळ एका विचित्र गोष्टीत गेली. आरशासारखी स्वच्छ डीव्हीडी, आणि डीडीरेस्क्यू म्हणतंय सगळीकडे चुका. ड्राइव्ह खराब मिळाला असं वाटून दुकानदाराला मनात नावं ठेवली. दोष ड्राइव्हचा नव्हता. विकतच्या डीव्हीडीवर सीएसएसचं कुलूप असेल तर प्लेयर आणि ड्राइव्ह यांची आधी ओळखपाळख व्हावी लागते, तोवर ड्राइव्ह ते सेक्टर देतच नाही. आधी व्हीएलसीत डिस्क मिनिटभर चालवायची, व्हीएलसी बंद करायचं, डिस्क बाहेर न काढता डीडीरेस्क्यू सुरू करायचं. चुका शून्य. तयार झालेली आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) कुलपासकटच असते, व्हीएलसी उघडताना काही सेकंद जास्त घेतं, पण चालते.

६ ते १८ जुलै

रोज आठ-दहा डिस्क. एका डिस्कला २० ते २५ मिनिटं. स्वयंपाक करताना ओट्याशेजारी लॅपटॉप, कुकरच्या शिट्ट्या आणि ड्राइव्हची घरघर. बाबा वहीतून क्रमांक सांगतात, मी फाइलला तोच क्रमांक देते. नावं देवनागरीत देऊन पाहिली. उबंटू, व्हीएलसी खूश. टीव्हीच्या आतला प्लेयर मात्र जोडाक्षरं फोडून दाखवतो. म्हणून पुढे क्रमांक, मागे नाव. क्रमांक तरी वाचता येतो.

१७ वर घाण केली. जूनमध्ये रडतखडत निघाली होती, यावेळी बारीक ड्राइव्हवर ७१ टक्क्यांना थांबली. मोठा ड्राइव्ह हाताशी असताना मी कुठेतरी वाचलेलं टूथपेस्ट आठवलं. घासली. ओरखडा फिका झाला आणि त्याच्याभोवती तळहाताएवढा धुरकट डाग आला. आता मोठा ड्राइव्हही तिथे अडतो. तीन फेऱ्यांनंतर ९६ एमबी राहिले, मधोमध. पडद्यावर सुमारे अडीच मिनिटं.

१९ जुलै, शनिवार

ताईच्या लग्नाची डीव्हीडी. घरी लिहिलेली, म्हणजे छापलेली नाही, रंगद्रव्याच्या थरावर लेझरनं जाळलेली. मागून जांभळट. अशा डिस्क कडेकडून जातात, आणि वाचन आतून बाहेर होतं, त्यामुळे सुरुवात चकचकीत आणि शेवट गायब. लग्नात शेवटी काय असतं? पाठवणी.

बारीक ड्राइव्हवर पहिली फेरी: ६१ एमबी वाचता आले नाहीत. तीच नकाशा फाइल ठेवून डिस्क मोठ्या ड्राइव्हमध्ये घातली. डीडीरेस्क्यू फक्त राहिलेले तुकडेच वाचायला जातं. राहिले १.९ एमबी. मग ड्राइव्ह थंड होऊ दिला, रात्रभर पुन्हा पुन्हा प्रयत्न करायला लावलं. सकाळी उरले ३४० केबी. एक ड्राइव्ह जिथे अडतो तिथे दुसरा अडेलच असं नाही, आणि नकाशा फाइलमुळे दोघांची कमाई एका फाइलीत जमा होते. ताई गाडीत बसताना दोन ठिकाणी चौकोन येतात. आई रडताना दिसते, नीट.

ताईला चिंचवडला क्लिप पाठवली. तिचा फोन आला, अर्धा तास लग्नातल्या जेवणावर बोलली.

२७ जुलै, रविवार

८ सेंटिमीटरच्या तीन चकत्या. दोन निघाल्या. तिसरी दोन्ही ड्राइव्हना कोरी दिसते, पण मागे रंगाची कड स्पष्ट आहे, म्हणजे लिहिलेली आहे. कॅमेऱ्यात 'फायनलाइज' करायची, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद करायची, राहिलेली. तो कॅमेरा माळ्यावर सापडला, बॅटरी फुगलेली. बॅटरी काढून थेट अडॅप्टरवर चालतो का पाहायला पुन्हा तपकीर गल्ली, ४५० रुपये. चालू झाला. चकती ओळखली, फायनलाइज दाबलं, सहा मिनिटं श्वास रोखून. मग लॅपटॉपवर उघडली: मुंजीच्या दिवशी मांडवाच्या छताचं २१ मिनिटांचं चित्रण. कॅमेरा चालू राहिला होता. आवाजात मात्र आजी आहे, कोणाला तरी वाढायला सांगतेय.

छोट्या चकत्या ट्रे बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच घालाव्यात. फटीतून ओढून घेणाऱ्यात घातली तर ती आतच राहायची.

२ ऑगस्ट, शनिवार

सगळ्या प्रती झाल्या. आता बघायची सोय. मी मेकएमकेव्हीनं आयएसओतून एमकेव्ही काढून बाबांना लावून दिल्या. प्रकरणं आहेत, पुढे-मागे जाता येतं. बाबांनी रिमोट घेतला आणि विचारलं, "गाण्यांचं पान कुठंय?"

आमच्याकडच्या हिंदी डीव्हीडीत मेनूमध्ये 'साँग्स' असतं. बाबा अख्खा सिनेमा क्वचितच बघतात. दुपारी जेवून तीन गाणी लावतात आणि झोपतात. एमकेव्हीत मेनू येत नाही. मी प्रकरणं समजावून सांगितली. "म्हणजे सातव्या प्रकरणात कुठलं गाणं ते मी पाठ करायचं?"

बरोबर आहे. 'कोडी' नावाचं प्लेयर सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. आयएसओ फाइल थेट उघडली, मेनू आला, गाण्यांचं पान आलं, पार्श्वभूमीला तेच चार सेकंदांचं संगीत जे पंधरा वर्षं ऐकतोय. लॅपटॉप एचडीएमआयनं टीव्हीला लावलाय. त्या ३१ सिनेम्यांच्या हँडब्रेकच्या फाइली पुसल्या. सगळ्या नाही, एक ठेवली.

म्हणजे हँडब्रेक आता फक्त माझ्या फोनसाठी उरलं: इंटरलेसचा फिल्टर चालू, कापणं पूर्ण बंद.

९ ऑगस्ट, शनिवार, राखीपौर्णिमा

मामेभाऊ आला. ओवाळणी घातली, आणि पेनड्राइव्हही पुढे केला. "जुनी नाटकं टाकून दे ना सगळी."

नाही म्हटलं. बाबांनी पैसे देऊन घेतलेल्या डिस्कची घरात आपल्यापुरती प्रत ठेवणं वेगळं, वाटणं वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-ए आलं आहे, हक्क मोडण्याच्या हेतूनं कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. माझा हेतू ज्या दिवशी पेनड्राइव्हवर जाईल त्या दिवशी मी त्या वाक्यात बसते. मूळ डिस्क त्याच कारणानं टाकल्या नाहीत, खोक्यात भरून माळ्यावर ठेवल्यात. भाऊ म्हणाला, "तू पण ना, अगदी पुणेकर." मी त्याला घरी बसून बघायचं आमंत्रण दिलं, एक ते चार सोडून.

१७ ऑगस्ट, रविवार

प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज (फाइल जराशी जरी बदलली तरी वेगळा येणारा आकडा) काढून एका यादीत ठेवली. दुसऱ्या हार्डडिस्कवर कॉपी करून तिथे पुन्हा काढली. एक फाइल जुळली नाही. त्याच फाइलीच्या वेळी मी केबल हलवली होती. पुन्हा कॉपी केली, जुळली. दुसरी हार्डडिस्क आज ताईकडे चिंचवडला गेली.

खर्च: हार्डडिस्क १२,४००, बारीक ड्राइव्ह १,६५०, मोठा ३५०, जोडणी ८५०, कॅमेऱ्याचा अडॅप्टर ४५०, आणि वाया गेलेलं सॉफ्टवेअर १,९९९. एकूण १७,६९९. कामी आलेल्या एकाही सॉफ्टवेअरला पैसे पडले नाहीत. वेळ मोजला नाही; पहिले तीन आठवडे जवळजवळ पूर्ण फुकट.

२१२ पैकी २०५ पूर्ण. चारांत चौकोन येतात पण बघता येतात. दोन व्हीसीडी गेल्या: एक स्टिकरवाली, एक मधोमध तडकलेली. राहिली १७.

१७ च्या आयएसओत सबटायटल आहेत, पण मधली अडीच मिनिटं नाहीत. जूनमध्ये मी बिघडवलेल्या फाइलीत ती अडीच मिनिटं आहेत, कंगव्यासकट, पण सबटायटल नाहीत. दोन्ही ठेवल्या. बाबांनी वहीत उजवीकडे नवा रकाना आखलाय, त्यात प्रत्येक क्रमांकापुढे 'घेतली' लिहून तारीख घातलीय. १७ पुढे दोन ओळी आहेत.

१७: मध्ये खंड (टूथपेस्ट).
१७-अ: संपूर्ण. भाषा कापली.